त्याच जागेवरून

बावीस वर्षं मी क्राइस्टचर्चमध्ये विजेचे मीटर वाचले.
त्यामुळे माणसांआधी मला कुत्री ठाऊक,
कुठल्या फाटकाची कडी उचलून सरकवावी लागते ते ठाऊक,
कोण स्वतः प्लम खातं आणि कोण पक्ष्यांना सोडतं, तेही.
म्हणून नगरपालिकेनं कॅमेरा पुढे केला तेव्हा हो म्हणालो.
अट एकच: दर महिन्याला, त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून.
रस्त्यावर मी पिवळ्या रंगानं दोन बुटांचे ठसे काढले
आणि त्यांत उभा राहू लागलो.

पहिल्या महिन्यात सगळं राखाडी.
जमिनीनं पोटातली वाळू ओकली होती,
घोट्याच्या वर, ओली, गटाराच्या वासाची.
कॉलेजातली पोरं फावडी घेऊन आली,
ढकलगाड्या भरभरून रस्त्याकडेला ढीग लावले.
पुढच्या हादऱ्याला जमीन पुन्हा ओकली.
पोरंही पुन्हा आली.

मग दारांवर चिठ्ठ्या.
हिरवी: राहा. पिवळी: सामान काढा, लवकर.
लाल चिठ्ठीवर बरंच काही बारीक छापलेलं असायचं,
ते कोणी वाचत नसे.

एकेचाळीस नंबरची आयल्सा ट्रेगर्था म्हणाली,
"धुराड्याचा काय फोटो काढतोस, ते सगळ्यांचंच पडलं.
माझ्या सिंकवरच्या खिडकीचा काढ.
चाळीस वर्षं अडकायची मेली.
डाव्या तळव्यानं खाली ठोसा, लगेच उजव्यानं वर.
आणि आता बघ."
तिनं एका बोटानं खिडकी उघडली.
"भूकंपानं माझं एवढं एक काम केलं."
मी हसलो. फोटो काढला नाही.
माझी जागा रस्त्यावर होती.

विमेवाले तीनदा आले, तीन वेगळे आकडे सांगून गेले.
शेवटी सरकारनं नदीचं सगळं वळणच विकत घेतलं.
काही घरं रात्री गेली, मधोमध कापून, ट्रकवर,
उघड्या बाजूला प्लॅस्टिक फडफडत.
बाकीची दिवसा, यंत्राच्या दातांत.
एकेचाळीस नंबरला अकरा मिनिटं लागली.
तिच्या मीटरचा शेवटचा आकडा मी वहीत लिहून ठेवला:
५८२१३.
कोणी मागितला नव्हता.

त्यानंतर माझ्या फोटोंत गवत.
कुंपणं गेली, झाडं राहिली,
अक्रोड, प्लम, एक लिंबू, दोन गुलाब,
कोणीतरी फक्त पत्ते पुसून टाकल्यासारखी.

तिकडे गावात कंटेनरात बँक उघडली, कंटेनरात कॉफी.
क्रेन आल्या. माझ्या पुतणीला नव्या वाचनालयात नोकरी लागली.
आणि दर फेब्रुवारीत लोक
रस्त्यावरच्या नारिंगी शंकूंत फुलं खोचू लागले.
शंकूंची आमच्याकडे कमी नव्हती.

सातव्या वर्षी आयल्सा बसनं आली, टिमारूहून.
लिंबाला पाठ लावून उभी राहिली.
"इथून नऊ पावलं मागचं दार."
दारापाशी तिनं बूट गवतावर पुसले.
आत चार पावलं, मग उगाच उजवीकडे वळसा.
मला वेळानं कळलं, तिथं टेबल होतं.
मग थांबली, ओंजळभर हवेसमोर,
डाव्या तळव्यानं खाली ठोसा,
उजवा हात वर.

मी पिवळे ठसे सोडून धावलो,
तसेही ते पुसटच झाले होते.
सात वर्षांत तेवढा एकच फोटो चुकीच्या जागेवरून.

प्रदर्शनात दोन भिंती होत्या, 'आधी' आणि 'नंतर'.
तिथल्या मुलीनं फोटो बराच वेळ हातात धरला,
मग परत दिला. यात काही दिसत नाही, म्हणाली,
नुसतं गवत, आणि हात वर केलेली म्हातारी.

बरोबर आहे तिचं.
ठोसा केवढ्या जोरानं मारला, ते फोटोत येत नाही.
पूर्ण जोरानं मारला होता,
खिडकी अजून अडकत असल्यासारखा.