कुत्रीचा परवाना

जनगणनेच्या कागदांचा कधीच लगदा झाला.
चर्चच्या वहीत नेमकी त्याच सालांवर ओल.

शेवटी लायट्रिममध्ये, तळघरातून,
कुत्र्यांच्या परवान्यांची वही वर आली:
टायग गॅलोग्ली. कुत्री एक. काळी,
डावा कान पांढरा. अडीच शिलिंग.

पणजोबाच्या केसांचा रंग कुणी टिपला नाही.
उंची नाही, डोळे नाहीत.
हिचा कान तेवढा आहे,
वर्षामागून वर्षं, त्याच शाईत.

एकोणऐंशी साली बटाटा काळा पडला.
त्या पानावर टायग सापडेना.
बोट फिरवत राहिले. खाली, पार खाली
तोच पांढरा कान:
ओनोरा गॅलोग्ली, विधवा.
सहीच्या जागी फुली.

म्हणजे तो गेला होता.
घरात खायला काय होतं, देव जाणे.
अडीच शिलिंग होते.