दीड घर

बेटावद स्टेशनाबाहेर टपरीवरच्या झुलालनं विचारलं,
फॉरेन करीसन उनी का?
मी म्हटलं, हो.
पायात जातानाचीच चप्पल,
टाचेच्या भेगेत तिकडची लाल माती.
या फॉरेनला पासपोर्ट लागत नाही, झुलालभाऊ.
भुसावळ, गोरखपूर, सुनौलीची कमान,
पुढं दोन दिवस बस
आणि जिथं बस थांबते तिथून एक दिवस चढण.

निघताना आई म्हणाली होती,
आठे का कमी घरं पडेल शेतस?
पांझरेच्या काठाकडं तिनं बघितलंही नाही, गरज नव्हती.
मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

बाप, हिलाल मिस्तरी,
काही बोलला नाही. थैलीतून ओळंबा काढला,
पितळी, वापरून वापरून त्याच्या चिमटीचा झालेला,
आणि माझ्या कपड्यांत खुपसला.
डोयावर भरोसा ठेवू नको, माय. दोरीवर ठेव.

तिथं डोंगर उभेच होते,
घरं तेवढी खाली बसली होती.
फूलमाया, साठीपलीकडची,
रिकाम्या चौथऱ्याकडं हनुवटी करून म्हणाली,
घर छैन.
शब्द कळायला दुभाषी लागला नाही.
दगडाला ढुंगा म्हणायचं, ते वहीत लिहावं लागलं.
पण घर छ, माटो छ, पानी छ,
हे ऐकताना वाटायचं
आईच कुणीतरी सर्दीत बोलतेय:
घर शे, माटी शे, पानी शे.

आता खरं सांगते.
मी डोक्यावर दोन दगड आणायचे,
ती कपाळाच्या पट्ट्यावर टोपलीभर.
माझ्या वाट्याचा भात तिच्याच चुलीवरचा.
आठवड्यानं एक कोपरा मी एकटीनं रचला,
फोटोही काढला त्याच्यासोबत.
दुसऱ्या दिवशी बघते तर
पांढऱ्या शिरेचा माझा दगड
तिसऱ्या थरातून पाचव्यात गेलेला.
रात्री कंदील लावून त्यांनी तो कोपरा उतरवला होता
आणि पुन्हा चढवला होता.
कुणी काही म्हटलं नाही.
चहा नेहमीपेक्षा गोड होता.

तेव्हा पिशवीतला ओळंबा काढला.
मग हळूहळू शिकले:
लांब दगड भिंतीच्या आरपार घालायचा,
कोपऱ्यात एक इकडचा, एक तिकडचा, बोटं गुंतवावीत तसे,
आणि दारावरून सगळ्या घराला
लाकडाचा करगोटा बांधायचा,
म्हणजे जमीन हलली तरी घर एकत्र हलेल.

एक घर झालं.
दुसरं खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आलं
आणि आमच्या गटाचे पैसे संपले, दिवसही.
उतरताना मागं बघायचं नाही असं ठरवलं होतं.
बघितलं.
फूलमाया दगड निवडत होती,
माझ्याकडं पाठ करून, नेहमीसारखी.

ओळंबा? बापानं तिसऱ्या दिवशी विचारलं.
तो धाब्यावर पांढरी माती पसरत होता,
मी शिडी धरून खाली.
राहिला, म्हटलं. अर्ध्या भिंतीवर.
ठेवला की विसरला, ते त्यानं विचारलं नाही.
मीही ठरवलेलं नाही.

संध्याकाळी त्यानं सायकलीचा एक जुना नट
आईच्या शिवणाच्या दोऱ्याला बांधला
आणि कशाला कोण जाणे
आमच्याच मागच्या भिंतीला लावला.
नट झुलला, थांबला.
वरून दोन बोटं बाहेर.
गावभर ज्यानं भिंती सरळ केल्या त्याची ही भिंत.
तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत.
तीस वरीस व्हयनात, वाकडीच शे!

पण शे, मी म्हटलं.

तो दोरा गुंडाळत राहिला.
मग म्हणाला, तठे काय म्हंतस, शे ले?
छ, मी सांगितलं.
त्यानं म्हणून बघितलं.
पुढचे दोन दात नाहीत त्याला,
फटीतून वारा गेला
आणि बाहेर आलं ते शे.