डोळा राखून

सोहारात ऑक्टोबर संपता संपता
एसी बंद करून खिडकी उघडता येते,
आणि शेजारचे खमीस कुंपणावरून सांगतात,
तुमचं लिंबू आता आवरा, माझ्या गाडीला काटे लागतात.

कातर आणली. लाल मुठीची.
आठ दिवस शू-रॅकवर पडून होती.

आमच्याकडे निफाडला वर्षातून दोन छाटण्या,
एप्रिलात खरड, ऑक्टोबरात गोडी.
अण्णा ओळीतून वाकून चालत,
काडीवरचे डोळे मोजत, आणि कच्.
कापल्या टोकातून मग थेंब थेंब पाणी.
वेल रडतेय, मी म्हणायचो.
रडू दे, अण्णा म्हणत, मुळं जागी आहेत.
न रडणाऱ्या वेलीपाशी ते जास्त वेळ थांबत.

हे लिंबू शालनने पोह्यांवर पिळलेल्या फोडीतलं.
मुलाच्या दहावीसाठी ती परत गेली
तेव्हा ते माझ्या गुडघ्याएवढं.
मे ते सप्टेंबर त्याला एसीच्या नळीचं पाणी पाजलं,
त्याच्या वाट्याचा पाऊस तेवढाच.
अठ्ठेचाळीस डिग्रीत तगलेल्या पानाला
कुठल्या तोंडाने कातर लावायची?

गुरुवारी ऑफिसात
माझ्याच हातून सतरा नावांची यादी टाइप झाली.
तिथे हात अडखळला नाही.
एक्सेलमधली ओळ काढली
की खालची मुकाट वर सरकते.
झाडावर निदान खूण राहते.

शुक्रवारी नमाजानंतर मन्नानभाई आला शिडी घेऊन.
दहा मिनिटांत निम्मं झाड खाली.
मी दोनदा 'बस' म्हणालो, त्याने ऐकलं नाही.
'अंदर हवा जाएगा साब, तब फल आएगा,'
असं म्हणून त्याने फांद्यांचा भारा बांधला,
मी चहा दिला, पैसे दिले,
आणि खरं सांगायचं तर
मोकळं झालेलं झाड मला आवडलं.
त्याच्यामधून समुद्राकडचं आभाळ दिसत होतं.
हाताला दिवसभर पानांचा वास.

रात्री टॉर्च घेऊन प्रत्येक कापाशी गेलो.
कोरडं.
लिंबू रडत नाही बहुतेक.
कुणाला विचारणार, अण्णा नाहीत.

सोळाव्या दिवशी एक डोळा फुगला.
आधी काटा आला, मग पान,
तोंड सरळ खमीसांच्या गाडीकडे.
शालनला फोटो पाठवला.
तिने उलट विचारलं, कातर कुठे ठेवलीस?
शू-रॅकवर, म्हटलं.
तिथेच आहे.