गळती

सही करताना वाचलं होतं मी:
शंभरात एखाद्याला.
पारेख डॉक्टर म्हणाले, काका, लिहावं लागतं.
म्हटलं, लिहा की. आमच्याही रजिस्टरात असायचं,
‘पुरवठा खंडित होण्याची शक्यता’.

चौतीस वर्षं म्युनिसिपालटीत वॉलमन.
पहाटे साडेचारला खांद्यावर किल्ली,
रावपुरा, दांडिया बाजार, खाली वाडीपर्यंत
आजव्याचं पाणी मी सोडायचो.
अठरा फेरे. एकोणिसावा कधीच नाही.

म्हणून जांघेतून नळी वर सरकली
तेव्हा भीतीपेक्षा कुतूहल जास्त:
ह्यांना कळतं कसं, कुठे वळायचं?
पडद्यावर हिरवं-जांभळं हृदय.
ठोका जिथे भरकटतो तिथे चटका.
आणखी एक. आणखी.
जिग्नाशा सिस्टर म्हणत होती,
हलशो नहीं काका, बस, थोडुंज.

मग सगळे एकदम
गुजरातीतून इंग्रजीत गेले.
तेव्हाच समजलं मला.
प्रेशर नव्वद.
सत्तर.

रात्री गळती शोधायची तर
सळईचं एक टोक रस्त्यावर, दुसरं कानाला.
वर कोरडं डांबर, झोपलेली कुत्री,
आणि खाली पाणी स्वतःशीच बोलतंय.
तसं ऐकू आलं, शप्पथ.
हृदयाभोवती पिशवी असते म्हणे,
ती भरत चालली होती
आणि हृदयाला हलायला जागा नव्हती.
मी ओरडलो, सिस्टर सांगते, मेन बंद करा!

मेन कसा बंद करणार.

बरगडीखालून सुई. साडेतीनशे मिली.
माझंच रक्त मला परत चढवलं,
वाया घालवलं नाही, हे बरं केलं.

हेमांगी म्हणते, तक्रार करू, बाबा.
तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले,
स्टुलावर बसले, नळीकडे बघत म्हणाले,
माझ्या हातून झालं.
वय असेल अडतीस. दाढी वाढलेली.

तेव्हा मी त्यांना मांडवीचं सांगितलं,
घरात कुणालाच न सांगितलेलं:
एकोणिसावा फेरा, एकदाच, झोपेत,
कडकन आवाज, आणि तीन दिवस
अख्खा वॉर्ड कोरडा. एक लग्नघरही होतं त्यात.
साहेबांनी मेमो दिला.
रात्री झोप लागते का,
कुणी विचारलं नाही.

डॉक्टर काही बोलले नाहीत.
मनगट धरून बसले, मोजत असावेत.
ठोका अजून चुकतो अधूनमधून.
मी विचारलं,
जेवलात का?