डावा कोपरा

सामना साडेसातला होता.
सहापासूनच कसबे डिग्रजच्या माझ्या गिरणीत
डबे रांगेला लागले,
घरात पीठ असलेल्यांचेही.

मोबाईल मी वजनकाट्यावर टेकवून ठेवला.
काट्यानं दाखवलं, एकशे नव्वद ग्रॅम.
"एवढंच वजन आपल्या निवड समितीचं,"
राजाक्का म्हणाली.

मग सात जणी मॅटवर उतरल्या
आणि त्यांत यास्मिन नव्हती.
यादी लागून पंधरवडा झालेला, ठाऊक होतं सगळ्यांना,
तरी प्रत्येकीनं मान पुढं काढून बघितलं,
शेवटची एसटी गेल्यावरही माणूस रस्त्याकडं बघतो तसं.

यास्मिन मुजावर.
हरिपूरच्या पेवांतून हळद काढणाऱ्याची पोर.
घोटा धरते ती
तोडणीवाली ऊस धरते तसा, अगदी बुडख्याशी;
वर कोयता घातला तर साखर रानातच राहते,
हे तिला कुठल्या प्रशिक्षकानं शिकवलेलं नाही.

उंची कमी पडते म्हणे.
"घोटा काय माळ्यावर असतो व्हय?"
अक्काताई ओरडली, आणि पट्टा बंद असूनही
पीठ उडाल्यासारखं वाटलं.

तिच्या जागी मध्यरक्षक उचलून कोपऱ्यात ठेवलेली.
चांगली पोर, तिचा काय दोष,
पण पाय सारखे आत वळत होते तिचे,
नव्या खोलीत रात्री उठल्यावर
हात जुन्या जागी बटण शोधतो तसे.

मध्यंतराला चार गुणांनी पुढं होतो.
तिथून शहाण्यांनी ठरवलं, सावकाश.
दोन चढाया रिकाम्या,
निदान रेषा ओलांडायची नि माघारी,
तिसरीला जीव टांगायचा.
बोनस समोर पडलेला, पाय नुसता टाकायचा होता!
"अगं टाक की!" राजाक्का मोबाईलवरच खेकसली,
"घड्याळ खेळतंय आणि ह्या बघतायत."

मी डब्याच्या झाकणावरच्या पिठात
बोटानं सात ठिपके काढले.
साखळी इथं, ही मागं, ही तिरकी.
तिघींनी पुसून तीन वेगळे संघ केले.
तिन्हींत यास्मिन होती.

मालन तेवढी बोलत नव्हती.
ज्वारीचा डबा पायाशी घेऊन उभी.

आता सांगते.
दोन हजार तीन साली राज्याच्या संघात
डाव्या कोपऱ्याला मालनच जाणार,
असं सगळं मैदान म्हणायचं.
यादीत नाव माझं आलं.
माझा मामा जिल्हा संघटनेत होता,
आणि मामा म्हणाला, तुझी उंची चांगली आहे.
तीन सामने मी ट्रॅकसूट घालून बाकावर बसले.
त्याची पॅंट अजून आहे,
जातं पुसायला घेते.

शेवटच्या मिनिटाला त्यांची चढाईवाली
डाव्या कोपऱ्यातनंच निसटली,
उरलेल्या दोघींना घेऊन.
लोण.
तेहतीस-एकतीस.
कुणी समितीला शिव्या घातल्या, कुणी प्रशिक्षकाला,
अक्काताईनं तर नेटवर्कलाही सोडलं नाही.

मी बटण दाबलं, पट्टा फिरला,
आणि रागाच्या भरात मालनची ज्वारी
राजाक्काच्या गव्हावर ओतली.
"असू दे, भाकरीला चिकटपणा येईल,"
राजाक्का म्हणाली.
सगळ्या हसल्या एकदाच्या.

मालन झाकणावर वाकली.
गिरणीच्या धडधडीनं ठिपके हलत होते.
डावीकडचा तिनं बोटानं पुसला,
पेरभर मागं पुन्हा काढला.
"इथं," म्हणाली. "एवढ्या पुढं उभी राहिली
तर जाणारच की."

खेळाबद्दल माझ्याशी
वीस वर्षांनी बोलली ती.

दळणाचे पैसे मी नको म्हणत होते.
तिनं सुटे मोजून काट्यावर ठेवले.