गोफ

उद्यमबागेत चोवीस वर्षं लेथवर काढली,
डावा कान तिथंच ठेवून आलो.
उजवा अजून आहे, पण लाजरा,
चारचौघांत मान वळवून त्याला पुढं करावं लागतं.

तरी मार्गशीर्षातल्या त्या शनिवारी पाळी संपली की
स्कूटर खानापूरच्या रस्त्याला लागते.
बायको म्हणते, ऐकू येईना नि वाजाप ऐकायला चाललाय बघा!
मी म्हणतो, पाय आहेत की.

शाळेच्या पटांगणात सागवानी खांब,
त्याच्या डोक्यावर बैलगाडीच्या चाकाची धाव,
धावेतून सोळा दोर सोडलेले,
जुन्या लुगड्यांना पीळ घालून केलेले.
माझ्या वाट्याला जांभळा.
वर्षभर रेशन दुकानात पडलेला, म्हणून घासलेटाचा वास.

वाजवणारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत:
दुंडाप्पाची सनई,
भरमूची हलगी, जाळावर धरून धरून
आता बोलायला टेकलेली,
आणि कॅम्पातला इनास, व्हायोलिन घेऊन,
चर्चमधल्या लग्नांना घालतो तोच कोट.
तिघं आधी बराच वेळ भांडतात.
मग इनासला खोकला येतो,
आणि खोकला थांबतो तेव्हा सूर जुळलेले असतात.

हलगी मला कानातून येत नाही.
मातीतून येते. टाचेतून घोट्यात, घोट्यातून गुडघ्यात,
गुडघा जरा कुरकुरतो, मग वाट देतो.

इराप्पा मास्तर ओरडतात,
बलक्कं! एडक्कं! आता आतनं, आता भायरनं!
वर बघू नका गा, म्होरच्याचा हात बघा!
कानडी कुठली, मराठी कुठली,
पायांनी कुठं शाळा केलीय.

समोर हिरव्या दोराची बाई,
माझ्याच वयाची, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला.
ती आत, मी बाहेर,
मी आत, ती बाहेर,
आणि ओलांडताना दर वेळी म्हणायची, होय की.
ओठांवरून कळलं मला. तेवढंच.
कशाला होय, विचारलं नाही.

गोफ विणून झाला, मुरुडशेंगेसारखा,
वरून उतरत उतरत आमच्या डोक्यांपर्यंत.
टाळ्या पडल्या. पण विणणं कुणालाही येतं,
उलट्या पावलांनी सोडवणं खरं.

तिथं मी चुकलो.
मास्तर बहुतेक डाव्या बाजूनं ओरडले.
सगळे आत आणि मी बाहेर,
चौथ्या फेरीत जांभळा हिरव्यात, हिरवा तांबड्यात,
सोळा माणसं एकमेकांच्या काखेत.
घ्या, आता पत्रावळ्या इथंच आणा! कुणीतरी म्हणालं म्हणे.

भरमूनं हलगी थांबवली नाही.
हे त्याचे उपकार.
पाहुणा चप्पल शोधेपर्यंत दारात उभं राहून
कुणी काहीबाही बोलत राहतं, तसा ठेका धरून राहिला.
दुंडाप्पानं त्या गाठीवरच काहीतरी खट्याळ वाजवलं असावं,
कारण सगळे त्याच्याकडं वळून हसत होते.
मला दिसले ते फुगलेले गाल,
आणि इनासचा गज, वर, खाली, वर.

तिसरीतली शेवंता, बाळव्वाची,
आमच्या पायांतून रांगत आली,
मला खांद्यावर घ्या म्हणाली.
घेतली. तिनं दातानं ओढलं, बोटानं ढकललं,
एकदा माझ्या केसांना धरून तोल सावरला,
चौदा दोर सुटले.
एक गाठ उरली, जांभळ्या-हिरव्याची, वीतभर.
ऱ्हाऊ द्या, मास्तर म्हणाले, आमटी थंड होतीया.

पंगतीत ती पलीकडच्या रांगेला,
हातानंच भात नको म्हणत होती.
नाव विचारायचं राहिलं.

सोमवारी लेथ सुरू केला.
पोलादाचा कीस लांबच लांब, पीळ खात निघाला,
तापून जांभळा झालेला.
शेजारच्या मशीनवरचं पोरगं खुणेनं विचारत होतं,
काका, पाय का हलालाय?
मी उजवा कान पुढं केला
आणि म्हणालो, होय की.