टाक्यांचा हिशेब

रान्वा स्वेटर घेऊन आली
आणि मी सवयीनं आधी डावी बाही हातात घेतली.
बावीस वर्षं विकत घेतोय मी
क्लाक्सविकच्या बायकांचं विणकाम.
कोणाचं पोर तापानं फणफणतंय,
कोणाची सासू मुक्कामाला येऊन हलत नाही,
कोणाचा नवरा ट्रॉलरवर चढताना एक शब्द बोलला नाही,
हे त्यांच्याआधी माझ्या बोटांना कळतं.
माणूस मनाची समजूत काढतो.
लोकरीला ते जमत नाही.

ही बाही घट्ट होती.
करंगळीसुद्धा शिरेना.

"त्रोंदुरला जाऊन किती दिवस झाले?"
"गेला ते बरंच झालं," ती म्हणाली,
"मजेत आहे मी. माझ्या मनाचं मला कळत नाही होय?"
टोपीवरचं धुकं झटकलं तिनं.
दिसत तर होती मजेत.

"राग आहे तुझ्या पोटात. हे बघ,
मनगटापासून थेट कोपरापर्यंत."

ती इतकी हसली
की काउंटरखालचं कुत्रं उठून बसलं.
"सुया बदलल्यात रे, हानूस!
जुन्या वाकल्या होत्या. या जरा बारीक आहेत."

बारीकच का घेतल्यास, हे ओठावर आलं होतं.
गिळलं.

तेवढ्यात तिनं माझी वही स्वतःकडे वळवली,
पान उलटलं, अजून एक उलटलं.
"बाकीच्यांचे स्वेटर तू नुसते तोलतोस.
माझे टाके मोजतोस. का?"

"छे! तसं काही नाही,"
मी म्हणालो. लगेच म्हणालो.
आवाज अगदी तिच्यासारखा लागला,
मजेत असलेल्या माणसाचा.

सात वर्षांचे आकडे होते तिच्या नावापुढे.
अक्षर माझंच.

विचारणार कोणाला?
कुत्रं तिच्या बुटावर हनुवटी टेकून पुन्हा झोपलेलं.

मी पैसे दिले, दोनदा मोजून.
तिनं न मोजता खिशात कोंबले,
दारात थांबली.
"पुढचा जुन्या सुयांनी विणते," म्हणाली,
"मग सांग."

बंदरात फेरीचा भोंगा झाला,
दुकानं मिटली.
दिवा मालवण्याआधी ती बाही पुन्हा घेतली हातात
आणि शप्पथ सांगतो,
सैल लागली.

दिवा जवळ ओढला.
पहिल्या टाक्यापासून
परत.